लेकराचं औषध

चांगुणा गेली त्या सकाळी मी सिव्हिल हॉस्पिटलच्या फाटकाबाहेरच्या टपरीवर दूध आणायला गेलो होतो. तिच्या घशाखाली काही उतरत नव्हतं, तरी नर्सबाईंनी सांगितलं होतं, कोमट दूध आणून ठेवा, उतरलं तर उतरलं. ग्लास घेऊन वर आलो तर नर्सबाई खाटेभोवतीचा पडदा ओढत होत्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "दूध ठेवा तिकडं खिडकीत." मी ठेवलं. ठेवल्यावर कळलं की ते आता कोणी पिणार नाही.

साल एकोणऐंशी. लोकांच्या दारात दिवाळीचे आकाशकंदील अजून लटकत होते. चांगुणाला पस्तिशीही लागली नव्हती. आमची एकुलती मुलगी गौतमी चौथीत होती.

खाली उतरलो तर नाशिक रोडची आमची माणसं जमायला लागली होती. पहिला भेटला तो पुंजाराम. आमच्याच कॉलनीत राहतो, नोटांच्या प्रेसमध्ये माझ्याच खात्यात आहे. त्यानं माझा हात धरला आणि विचारलं, "वहिनी कशानं गेल्या रे?"

"दातानं."

त्यानं हात सोडला. दुःखानं याचं डोकं फिरलंय, असं त्याच्या तोंडावर दिसत होतं. "सावळीराम, नीट सांग ना. हार्टचं काही होतं का?"

"दात होता. खालची दाढ."

"दातानं माणूस मरतं का रे कुठं?"

हे वाक्य त्या दिवसापासून मी इतक्या लोकांकडून ऐकलं की आता मला ते पाठ झालंय. म्हणणाऱ्याच्या स्वतःच्या तोंडात बहुतेक वेळा निम्मा बाजार उठलेला असतो. पुंजारामच्या पुढच्या दोन दातांमधून शिट्टी वाजते. पण दातानं माणूस मरत नाही हे त्याला ठाऊक.

संध्याकाळपर्यंत कॉलनीनं माझ्या बायकोला बरेच आजार लावले. कोणी हार्ट म्हटलं, कोणी ब्लडप्रेशर. पाण्याच्या टाकीजवळ राहणाऱ्या अक्काबाईनं सांगितलं की दिवाळीच्या आदल्या दिवशी चांगुणानं चौकातल्या लिंबावर पाय दिला होता. आम्ही बुद्धाला शरण गेलेली माणसं. देव्हारे नदीत सोडून आलो. पण लिंबू कोणाच्या तरी पदरात राहिलंच होतं, ते असं वेळेला निघालं.

विहाराच्या फळ्यावर बातमी लिहिली ती काळू मास्तरांनी. मास्तर विहाराचे सेक्रेटरी, म्युनिसिपालटीच्या शाळेत मराठी शिकवतात. त्यांनी सुंदर अक्षरात लिहिलं, 'अल्पशा आजाराने दुःखद निधन.'

मी म्हटलं, "मास्तर, अल्पसा नव्हता. दीड वर्ष होता. दाताच्या आजारानं असं लिहा."

"सावळीरामजी, ते बरं दिसत नाही."

"कोणाला?"

"लोकांना. रस्त्यानं जाणारा वाचेल आणि हसेल. मृत्यूचं गांभीर्य राहत नाही." मग त्यांनी खडू खिशात ठेवला. "आणि आजार हा शब्द आलाच आहे ना त्यात."

पुण्यानुमोदनाच्या दिवशी श्रद्धांजली वाहताना मास्तर बराच वेळ बोलले. स्त्रीचा त्याग, स्त्रीची सोशिकता, संसाराचा गाडा. दात हा शब्द त्यांनी एकदाही तोंडात येऊ दिला नाही. चांगुणा सोशिक नव्हती. पेरू चिरताना सुरी बोथट असली तरी ती घर डोक्यावर घ्यायची. ती मेली ती सोसून मेली नाही. तिला दुखतच नव्हतं. हेच मला सांगायचं होतं आणि हेच ऐकायला कोणी तयार नव्हतं. भाषण झाल्यावर सगळ्यांनी बसून पोटभर चावून जेवण केलं.

आता मुळापासून सांगतो.

गौतमी पहिलीत असताना तिची खालची दाढ दुखायला लागली. दुधाची दाढ. रात्रभर रडायची. माझी मोठी बहीण नवसाबाई आमच्या शेजारच्याच गल्लीत राहते. तिनं लवंग सांगितली, हिंग सांगितला, मग म्हणाली, "पडायचाच दात हाय. उपटून टाका, कौलावर फेका, सुटली पोर." आमच्याकडे पडलेला दुधाचा दात शेणाच्या गोळीत घालून कौलावर फेकतात, म्हणजे नवा चांगला येतो. आमच्या क्वार्टरला कौलं नाहीत, वर स्लॅब आहे, आणि कॉलनीत शेण मिळायची मारामार. तरी चांगुणा गौतमीचा प्रत्येक पडलेला दात कुठून तरी शेण पैदा करून स्लॅबवर फेकायचीच.

पण न पडलेला दात उपटायला ती तयार नव्हती. तिचा भाऊ वाळू ओझरच्या विमान कारखान्यात आहे. त्यानं डॉक्टर पारनेरकरांचं नाव सांगितलं. "ताई, माणूस एकदम अपटुडेट हाय. मशीन बघितलं तर तू म्हणशील आमच्याच कारखान्यातून उचलून आणलं."

पारनेरकरांचा दवाखाना स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर, माडीवर होता. भिंतीवर त्यांचा स्वतःचा फोटो, शेजारी चौकटीत प्रमाणपत्र, खाली एका मोठ्या जबड्याचं चित्र. जबडा हसत होता.

त्यांनी गौतमीचा दात पाहिला आणि चांगुणाला सांगितलं, "बाई, आत्ता काढला तर शेजारचे दात सरकतील आणि खालून येणाऱ्या पक्क्या दाताला जागा राहणार नाही. तो आपणहून पडेपर्यंत याला शांत ठेवू." हे बरोबर होतं. मी उगाच कोणावर खोटं घालणार नाही. त्यांनी दाताच्या आतल्या जिवंत गराचा वरचा भाग काढला, कापसाच्या बोळ्यावर एक औषध घेऊन आत थोडा वेळ दाबून धरलं, वरून लवंगीच्या वासाची पांढरी लापशी भरली आणि सिमेंट लावून दात बंद केला. एका बैठकीत. त्या कापसावरच्या औषधाचा वास मात्र भयंकर. नाकातून सरळ डोक्यात चढणारा. गौतमी घरी आली तर आमच्या दोन्ही खोल्यांना तो वास लागला. पण त्या रात्री पोरगी झोपली.

चांगुणानं सगळ्या कॉलनीत सांगितलं. पाण्याच्या रांगेत दुसरा विषय नाही. पुढच्या महिन्यात आमच्या कॉलनीतली पोरं एकामागून एक पारनेरकरांच्या खुर्चीत बसून आली, आणि ज्या पोराच्या तोंडाला तो वास येईल त्याच्या आईला मान.

दोनेक वर्षांनी चांगुणाचीच दाढ दुखायला लागली. ती मिश्री लावायची. तंबाखू भाजून, कुटून दाताला चोळायची. तिच्या आईचं तेच, आजीचं तेच. आधी गार पाणी लागायचं, मग गरम, मग काही न लागताच ठणकायची. मी दुसऱ्या पाळीला होतो, ती एकटीच पारनेरकरांकडे गेली. परत आली ती खुशीत.

"अहो, ते म्हणत होते मुळापर्यंत सगळं साफ करायला लागेल. तीन-चार खेपा. सुया घालून घालून. मी म्हटलं, डॉक्टर, एवढा खटाटोप कशाला? गौतमीला घातलं तेच मला घाला."

"मग?"

"मग काय! म्हटलं, लेकराला चाललं ते मला नाही चालणार का? लेकराचं औषध म्हणजे सौम्यच असणार. आपल्याला त्याचा अपाय थोडाच होतोय."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"हसले. म्हणाले, बाई, तुम्ही तर घरूनच डॉक्टरकी शिकून आलात. बसा, घालतो."

घरात आपण असंच वागतो. लेकराच्या खोकल्याची बाटली उरली तर मोठ्यानं दोन चमचे जास्त घ्यायची. मोठ्याची गोळी लेकराला अर्धी द्यायची. लेकराचं ते सौम्य, मोठ्याचं ते कडक, हा कॉलनीतल्या प्रत्येक आईचा हिशेब. चांगुणा चौथीपर्यंत शिकलेली. तिनं हा हिशेब मांडला यात काय चुकलं? पण समोरचा माणूस चौकटीत प्रमाणपत्र लावून बसला होता. पेशंट सांगेल ते भरायचं असेल तर मग पानवाला काय वाईट? तोसुद्धा विचारतो, कात किती, चुना किती.

तिची दाढ शांत झाली. गौतमीसारखीच, एका बैठकीत. तोच वास. चांगुणा पदर नाकाला लावून हसायची आणि म्हणायची, "आम्ही मायलेकी आता एका औषधाच्या." त्या बाजूनं तिनं ऊस सोलून खाल्ला. मला बोलावून दाखवलं.

वर्षभरानं त्या दाढेखाली हिरडीवर एक पुटकुळी आली. फुटायची, खारट काहीतरी तोंडात यायचं, बसायची. पुन्हा यायची. नवसाबाई म्हणाली, "उष्णता हाय. सब्जा भिजवून पी." पुंजारामची बायको म्हणाली, हळद दाब. चांगुणा पारनेरकरांकडेही जाऊन आली. त्यांनी विचारलं, "दुखतं का?"

"नाही."

"मग कशाला काळजी करता? दुखलं तर या." गोळ्या दिल्या आणि पुढचा पेशंट बोलावला.

दुखणार कसं? दुखायला आत जिवंत काही राहिलंच नव्हतं. दार बंद करून आत मेलेलं कुजत होतं आणि दारावर सिमेंट चांगलं पक्कं होतं.

दिवाळीत तिच्या जबड्याखाली सूज आली. एका बाजूची दुसऱ्या बाजूला गेली. हनुवटीखालचा भाग लाकडासारखा कडक झाला. जीभ वर उचलली गेली, लाळ गिळता येईना. पारनेरकरांच्या दाराला कुलूप. पाटी लावली होती, 'दिवाळीनिमित्त दवाखाना बंद.' खाली शुभेच्छाही लिहिल्या होत्या. वाळूनं रिक्षा आणली. रिक्षात मी विचारलं, "दाढ दुखतेय का गं?" तिला बोलता येत नव्हतं. तिनं दाढेवरून बोट फिरवलं आणि हात हलवून नाही म्हटलं. शेवटपर्यंत ती दाढ दुखली नाही.

सिव्हिलच्या सर्जननं तिच्या हनुवटीखाली चिरा देऊन पू काढला. मला बाजूला घेऊन म्हणाले, "दाताच्या मुळाशी साचलेलं जिभेखाली उतरलंय. श्वासाची वाट दाबली गेलीय. फार उशिरा आणलंत." कोणाकडून उशीर झाला हे त्यांनी विचारलं नाही.

पुण्यानुमोदन झाल्यावर मी पारनेरकरांकडे गेलो. वाळू बरोबर होता. जिन्यात म्हणाला, "दाजी, तुम्ही फक्त बाजूला व्हा. एका फटक्यात त्याचेच दात त्याच्या हातात देतो." मी म्हटलं, "तू तोंड मिटून उभा राहा. नाव तूच सांगितलं होतंस."

पारनेरकर उठून उभे राहिले. "फार वाईट झालं, सावळीराम. चांगल्या बाई होत्या."

मी विचारलं, "गौतमीला घातलं तेच तिला का घातलं?"

"त्यांनीच मागितलं."

"ती मागेल ते देता?"

"हे पाहा, एक सांगा. मी औषध घातल्यावर त्यांचं दुखणं थांबलं की नाही?"

"थांबलं."

"लगेच थांबलं की नाही?"

"लगेच थांबलं."

"मग माझ्या औषधात काय खोट? पुढे संसर्ग झाला, तोंडाची स्वच्छता, ती मिश्री... त्याला मी काय करणार? तुमच्या मुलीचा दात बघा. तिला तेच घातलंय. शंभर टक्के यश."

मी त्या हसणाऱ्या जबड्याच्या चित्राकडे बघत उभा राहिलो. मग वाळूला घेऊन खाली उतरलो. जिन्यात एक बाई पोराला कडेवर घेऊन वर येत होती. पोर गालाला हात लावून रडत होतं. मी तिला वाट दिली.

त्यांचं यश पुढच्या वर्षी माझ्या तळहातावर आलं. गौतमीचा तो दुधाचा दात पडला. खालून पक्का दात वर आला होता आणि त्यानं ढकलून काढला. मधोमध पारनेरकरांचं सिमेंट होतं, जसंच्या तसं. जो दात पडणारच होता त्याला पडेपर्यंत टिकवलं, हे त्यांचं यश. लबाडी नव्हती त्यात, तेवढंच तिथं करायचं होतं. पण चांगुणाच्या दाढेखालून कोणता नवा दात येणार होता?

गौतमीनं तो दात फेकायला नकार दिला. म्हणाली, "आई फेकायची." शेवटी नवसाबाईनं फेकला. तिनं शेणसुद्धा घेतलं नाही, नुसताच स्लॅबवर भिरकावला आणि म्हणाली, "आता दिवस बदललं."

त्यानंतरची वर्षं लिहिण्यासारखी नाहीत. मी स्वयंपाक शिकलो. लोकांनी दुसरं लग्न कर म्हणून सांगितलं. पुंजारामनं तर ओळखीतली एक बाईही पाहून ठेवली होती. तिचं कौतुक करताना म्हणाला, "दात पण एकदम पांढरेशुभ्र हायेत." त्याला वाटलं मला दातांची काळजी आहे.

चौऱ्याऐंशी साली गौतमी नववीत होती. एकदा जेवताना मी पाहिलं, ती डाव्या बाजूनंच चावते. भाकरी डावीकडे, शेंगदाणे डावीकडे.

"उजवीकडं काय झालंय?"

"काही नाही."

"तोंड उघड."

"बाबा, काही नाही म्हटलं ना!"

तिनं ताट सरकवलं आणि मोरीकडे गेली. चूळ भरताना गालाला हात लावला. मग मला कळलं. तिची अगदी मागची दाढ, बारा वर्षांची झाल्यावर आलेली, किडली होती. किती दिवसांपासून ते तिनं सांगितलं नाही. ती माझ्यापासून लपवत होती, कारण तिला ठाऊक होतं की आपल्या घरात दाढ दुखली की काय होतं.

पोरगी दुखतंय म्हणून रडली असती तर बरं वाटलं असतं. तिच्या तोंडात काही दुखायचं थांबेल, याचीच मला भीती होती.

बातमी कॉलनीत गेलीच. सल्ल्यांना तोटा नाही. नवसाबाई म्हणाली, "काढून टाक. पर मागचाच हाय म्हणून. पुढचा असता तर लग्नाला अडचण." अक्काबाईनं बिब्बा सांगितला. काळू मास्तरांनी सांगितलं की विचार चांगले ठेवले तर शरीरही चांगलं राहतं. आणि वाळूनं, चांगुणाच्या सख्ख्या भावानं, माझ्याच घरी बसून चहा पिताना म्हटलं, "दाजी, रागावू नका. पण पारनेरकरांनी आता नवीन खुर्ची आणलीय. बटण दाबलं की आडवी."

"आडवी?"

"हो ना."

"मग बरंय. तुझी बहीण सरळ बसली होती, तेवढंच चुकलं."

वाळू चहा तसाच ठेवून उठला. मला वाईट वाटलं नाही.

नाशिकमध्ये रविवार कारंज्याजवळ देवरेबाई म्हणून दातांच्या डॉक्टर आहेत, असं मला सिव्हिलच्या त्याच नर्सबाईंनी सांगितलं. गौतमी यायला तयार नव्हती. "मला आईसारखं औषध नको घालू देऊ," एवढंच परत परत म्हणत होती. मी म्हटलं, "फक्त दाखवायचं. घालू कोणालाच द्यायचं नाही." त्या बोलीवर ती बसमध्ये चढली.

देवरेबाईंचा दवाखाना अरुंद. भिंतीवर एक कॅलेंडर. मी बसायच्या आधीच सगळं सांगितलं. दुधाचा दात, कापसाचा बोळा, वास, चांगुणा, हनुवटीखालची चीर. मला वाटलं त्या म्हणतील, दातानं माणूस मरतं का? त्या तसं म्हणाल्या नाहीत. त्यांनी गौतमीच्या दाढेचा फोटो काढला आणि ती लहानशी फिल्म दिव्यासमोर धरून मला दाखवली.

"ही दाढ नवीन आहे. हिचं मूळ अजून पुरं झालेलं नाही. हे टोक बघा, उघडं आहे. नळीसारखं."

"म्हणजे दुधाच्या दातासारखंच?"

"नाही हो. दुधाच्या दाताला पडायचं असतं. हिला अजून वाढायचंय, मग पन्नास वर्षं चावायचंय. आतला गर वर खराब झालाय, पण खाली जिवंत आहे. वरचा काढायचा, खालचा जगवायचा. तो जगला तरच मूळ पुरं होईल."

"आणि घालणार काय?"

"चुन्याच्या जातीचं औषध आहे. त्याच्याखाली जिवंत गर स्वतःच झाकण तयार करतो."

"मग हेच दुधाच्या दाताला का नाही घातलं?"

"दुधाच्या दातात हे घातलं तर बऱ्याचदा दात आतूनच पोखरला जातो. तिथं तुमच्या त्या वासाच्या औषधानं काम चांगलं होतं. मोठ्या माणसाच्या दाढेत मात्र ते चार दिवस दुखणं थांबवायला ठीक. कायमचं म्हणून घालून बंद करायचं नसतं. मुळापर्यंत साफ करून भरावंच लागतं."

"म्हणजे पारनेरकरांना हे माहीत होतं?"

त्यांनी फिल्म खाली ठेवली. "पुस्तकात आहे," म्हणाल्या.

मी विचारलं, "तुमचं हे औषध लागू पडेल?"

"माहीत नाही."

"म्हणजे?"

"पुष्कळांना पडतं, काहींना नाही पडत. सहा महिन्यांनी फोटो काढायचा. मूळ वाढलेलं दिसलं तर पडलं. दुखत नाही म्हणजे बरं झालं, असं मी तुम्हाला सांगणार नाही."

इतक्या वर्षांत 'माहीत नाही' म्हणणारा हा पहिलाच माणूस. अक्काबाईलासुद्धा सगळं माहीत असतं. पण 'माहीत नाही' एवढ्यावर पोरगी कशी सोपवायची? मी गौतमीला म्हटलं, "चल, उठ. दाखवून झालं."

ती उठली नाही. तिनं खुर्चीतूनच विचारलं, "त्याला वास येतो?"

देवरेबाईंना आधी कळलं नाही. मग कळलं. त्यांनी कपाटातून एक बाटली काढली, काचेच्या पट्टीवर थोडी पांढरी पूड घेतली, पाण्याचा थेंब टाकून कालवली आणि पट्टी गौतमीच्या नाकाजवळ धरली. गौतमीनं डोळे मिटून हुंगलं. पुन्हा हुंगलं.

"काहीच नाही," ती म्हणाली.

"काहीच नाही," देवरेबाई म्हणाल्या. "भिंतीला चुना लावतो तसाच."

"आणि आईचं? ते तुमच्याकडे आहे?"

"आहे. लहान मुलांसाठी ठेवलंय."

"ते आत ठेवा. बाटली बाहेर काढू नका."

"नाही काढत."

गौतमीनं माझ्याकडे पाहिलं. मी पुन्हा खाली बसलो. तिनं खुर्चीचे हात घट्ट धरले आणि तोंड उघडलं.

संध्याकाळच्या बसनं परत आलो. घरी तिच्या तोंडाजवळ वाकून मी वास घेतला. ती हसली आणि मला ढकललं. "बाबा, काही येत नाही म्हटलं ना."

सहा महिन्यांनी फोटो काढला. देवरेबाईंनी दोन्ही फिल्म शेजारी शेजारी धरल्या. मूळ किंचित लांब झालं होतं. मला ते दिसलं की त्यांनी सांगितलं म्हणून दिसलं, सांगता येत नाही. त्या म्हणाल्या, "वाढतंय. पण टोक अजून उघडं आहे. वरचं भरलंय ते तात्पुरतं. टोक बंद झालेलं दिसल्याशिवाय मी पक्कं भरणार नाही."

"कधी बंद होईल?"

"वर्ष लागेल, जास्तही लागेल. बघू."

कॉलनीला याची गंमत वाटते. नवसाबाई भेटली की विचारते, "अजून झालं न्हाय का? पारनेरकर तर एका बैठकीत करायचा." पुंजाराम म्हणतो, "दुखत नाही ना आता? मग झालं की रे. कशाला खेपा घालतोस?" पारनेरकरांची माडी अजून चालू आहे. परवा स्टेशनवरून येताना पाहिलं, जिन्यापर्यंत माणसं बसली होती. नवी पाटी लावलीय, रात्री पेटते.

गौतमी आता दहावीत आहे. तिची दाढ दुखत नाही. मला त्याचं काही कौतुक नाही, चांगुणाचीही दुखत नव्हती. ती अजून डाव्या बाजूनंच चावते. गेल्या फोटोत मुळाचं टोक उघडंच होतं. पक्कं भरायचं राहिलं आहे.